ओंजळीत काय दिसतं

१२ जुलै २०२५, शनिवार

प्राचार्यांनी आज माझ्या गळ्यात लोढणं अडकवलं. डिसेंबरात नॅकची माणसं कॉलेज तपासायला येणार, त्याआधी कॉलेजचं ‘व्हिजन’ नव्यानं लिहून हवंय. इंग्रजीची मी एकटीच शिल्लक, म्हणजे आलंच माझ्याकडं. दोन ओळी तर लिहायच्या मॅडम, म्हणाले. दोन ओळींसाठी सहा मीटिंगा होतात हे सतरा वर्षांच्या नोकरीत मला पाठ झालंय.

निपाणीत खोलीवर येते तोवर गोमटेशचा फोन. माझा धाकटा भाऊ. चिकोडी रस्त्यावरच्या आमच्या गावी शेती बघतो. यंदा आईचा चातुर्मास आमच्याच गावच्या बस्तीत, जैन मंदिरात, आहे हे त्यानं महिन्यापूर्वीच कळवलं होतं आणि मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला होता. आज म्हणाला, आईला दिसेनासं झालंय. संघातल्या थोरल्या माताजी अजून काही बोललेल्या नाहीत, पण त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

“आक्का, एकदा येऊन जा. मागनं म्हणू नगंस, मला कुणी सांगितलं न्हाय.”

आई म्हणजे आता सुव्रतमती माताजी. बाबा गेल्यावर तिसऱ्या वर्षी तिनं आर्यिकेची, म्हणजे जैन साध्वीची, दीक्षा घेतली. मी बावीस वर्षांची होते. मांडवात हजारभर माणसं बसली होती आणि ती स्वतःच्या हातानं स्वतःचे केस उपटत होती. लोक जयजयकार करत होते. मी मांडवामागं जाऊन ओकले. त्याला वीस वर्षं झाली. ती कधी गोव्याच्या वाटेला, कधी हुबळीकडं, अनवाणी चालतच राहिली आणि मी एकदाही तिच्या दर्शनाला गेले नाही. ती मला सोडून गेली असं मी कुणाला म्हणाले नाही, पण मनात दुसरं काही नव्हतं.

उद्या रविवार आहे. जाईन.

१३ जुलै, रविवार

गेले.

आर्यिका दिवसातून एकदाच जेवतात, तेही ओंजळीत. ज्याच्या दारात जातील त्या घरात सोवळ्यानं केलेला स्वयंपाक हवा. गोमटेशची बायको दीप्ती सगळं अगदी नेटकं करते. तिनं मला विहिरीच्या पाण्यानं अंघोळ करायला लावली, कोरी सुती साडी दिली आणि हातात कलश देऊन दारात उभं केलं. आई बस्तीतून येताना दिसली. पांढरं एक वस्त्र, हातात मोरपिसांची पिंछी, आणि ती किती लहान झालीय. तिच्यापुढं दुसऱ्या माताजी चालत होत्या आणि आई त्यांच्या पावलांच्या आवाजावर चालत होती. मला ते लगेच कळलं. दारात आम्ही म्हणालो, वंदामि माताजी, अत्र तिष्ठ. ती थांबली. माझा आवाज वीस वर्षांनी ऐकला तिनं. चेहरा हलला नाही.

पाटावर बसली, ओंजळ पुढं केली. वाढायचं मला दिलं. दूध-भाताचा तिसरा का चौथा घास असेल. त्यात मुंगी होती. मेलेली, काळी. गुळाच्या डब्यातून आली असणार.

आहारात केस किंवा मेलेला जीव निघाला की अंतराय. हातातलं टाकून उठायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. प्रत्येक घास स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच तोंडात घालायचा हा तिचा नेम. ती पाहत होती. ओंजळीकडं मान घालून नीट पाहत होती आणि मुंगी तिच्या नाकासमोर होती.

मी बोट घालून मुंगी उचलली. आहाराच्या वेळी देणाऱ्याचा हात लागू नये असाही तिचा नेम आहे, हे मला नंतर दीप्तीनं सांगितलं. लागला. क्षणभर तिची ओंजळ थांबली, मग तिनं घास घेतला.

१५ जुलै, मंगळवार

दोन दिवस वर्गात काय शिकवलं कोण जाणे. आज गोमटेशला फोन करून सरळ विचारलं, डोळे पूर्ण गेले तर पुढं काय?

त्यानं सांगितलं. चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं, म्हणजे पायाखाली जीव येत नाही. ओंजळीतलं बघून खायचं, म्हणजे पोटात जीव जात नाही. डोळेच नसतील तर यातलं काहीच पाळता येत नाही. मग व्रत मोडून जगण्यापेक्षा गुरूंकडं सल्लेखना मागायची. एकेक अन्न सोडत जायचं आणि शेवटी सगळंच.

मी म्हणाले, म्हणजे उपाशी मरायचं. तो म्हणाला, “तसं म्हणू नगंस आक्का. मराय कोण मागतंय. तिला तिचं व्रत राखायचं हाय.” मी त्याला नको ते बोलले. तुला घाई झालीय का, असंसुद्धा बोलले. तो फोनवर रडायला लागला. मी किती कडू बाई आहे.

पण मला तिला मरू द्यायचं नाही. इथं स्पष्टच लिहिते. मला आई पुरलेली नाही. बावीस वर्षं ती होती आणि वीस वर्षं नव्हती, असा कसला हिशेब. थोरल्या माताजींना जोपर्यंत तिला दिसतं असं वाटेल तोपर्यंत त्या परवानगी देणार नाहीत. तेव्हा तिला दिसत राहिलं पाहिजे. माझ्या डोळ्यांनी का होईना.

१८ जुलै, शुक्रवार

प्राचार्यांची आठवण. व्हिजनचं काय झालं? म्हणून आज शब्दकोश काढून बसले.

शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, मुळात पाहणे या धातूचा. त्याच्याही मागं जायचं तर आपल्या ‘विद्’शी नातं निघतं, विद्या, वेद यांच्या घरातला. म्हणजे पाहणं आणि जाणणं एकाच मुळाचं. गंमत पुढं आहे. इंग्रजीत हा शब्द तेराशेच्या आसपास आला तेव्हा त्याचा डोळ्यांशी संबंध नव्हता. साधुसंतांना स्वप्नात, ध्यानात दिसायचं ते व्हिजन. डोळ्यांची नजर हा अर्थ त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी चिकटला. आणि संस्थेचं ध्येय, दूरदृष्टी वगैरे जे प्राचार्यांना हवंय, तो अर्थ जेमतेम शंभर वर्षांचा. घरातलं शेंडेफळ, आणि तेच सगळ्यात जास्त मिरवतंय.

भावंडंही बरीच आहेत. ‘व्हिजिट’ त्यातलाच, बघायला जाणं. वीस वर्षांत मला तो जमला नाही. ‘प्रोव्हाइड’ म्हणजे आधीच बघून ठेवणं. दीक्षेला जायच्या आधी आईनं दोन वर्षांचं लोणचं घालून ठेवलं होतं, बरण्यांवर माझ्या हॉस्टेलचं नाव लिहून. मी ते कुणाला तरी देऊन टाकलं. ‘एन्व्ही’ही ह्याच घरातला, वाकड्या डोळ्यानं बघणं. मला त्या बस्तीतल्या प्रत्येक बाईचा हेवा वाटतो.

व्हिजन अजून लिहिलेलं नाही.

२० जुलै, रविवार

आज काही निघालं नाही, देवाची कृपा. तरी आहार होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला.

एक गोष्ट लक्षात आली. तिची ओंजळ सरळ राहत नाही, माझ्या बाजूला कलते. मनगटात जोर राहिला नसावा. कोंड्याचा कण वाटला म्हणून मी हळूच बोट फिरवलं. काही नव्हतं. पण शंका नको म्हणून असं दर वेळी एकदा बघितलेलं बरं.

दुपारी बस्तीत तिच्यासमोर चटईवर बसले. तिनं विचारलं, ब्राह्मीताई, कॉलेजात काय चाललंय. वीस वर्षांपूर्वी ती मला बाब्या म्हणायची. मी शब्दाची गोष्ट सांगितली. ती जुनी मॅट्रिक, तीही कन्नड शाळेची, पण नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली,

“म्हणजे आदी मिटल्या डोळ्यानं बगितलं आणि मग उघड्या. तुझं इंग्रज उलटंच हाईत की.”

मी हसले. ती पण हसली असावी, तोंडावर हात होता. किती वर्षांनी तिची टिंगल ऐकली. मी जायला उठले तशी म्हणाली, साडी नवी दिसती. तिला दिसतं. निदान काही तरी दिसतं. साडी कडक खळीची होती, उठताना करकर वाजत होती, हिरवीगार. हिरवी हे काही ती बोलली नाही.

२६ जुलै, शनिवार

रजा टाकायची नाही, पण आता रोज गावाहूनच जाणार. सकाळी आहार देऊन स्कूटरवर निपाणी, पहिला तास पुढं ढकलून घेतला. प्राचार्य कुरकुरले. त्यांना म्हटलं, व्हिजनवर काम करतेय.

३ ऑगस्ट, रविवार

आज दीपंकर आला होता. आम्ही निपाणीत एका वर्गात होतो, तो आता बेळगावात डोळ्यांचा डॉक्टर आहे, खडेबाजारच्या पलीकडं दवाखाना. माताजी वाहनात बसत नाहीत, दवाखान्यात जायचा प्रश्नच नाही, म्हणून त्याला सामान घेऊन यायला लावलं. तो स्वतः बौद्ध, पण बस्तीच्या पायरीवर कसं उठायचं-बसायचं हे त्यानं मला आधी फोनवर दोनदा विचारून घेतलं. थोरल्या माताजी चिकोडीकडच्या. त्या त्याच्याशी कन्नडमध्ये बोलल्या आणि पाच मिनिटांत दोघांची दोस्ती झाली.

त्यानं हात लावला नाही. आईनं स्वतःच्याच बोटांनी स्वतःच्या पापण्या वर धरल्या आणि तो वाकून, बॅटरीचं भिंग घेऊन आत बघत राहिला. खूप वेळ बघितलं. थोरल्या माताजी विचारायला आल्या तेव्हा मीच मध्ये पडले. म्हटलं, कागद सवकाश लिहून देतील.

बाहेर चिंचेखाली त्यानं सांगितलं. काचबिंदू आहे, जुना. डावा डोळा संपला. उजव्यात मधोमध तेवढं उरलंय, नळीतून बघितल्यासारखं, तेही धुरकट. गेलेलं परत येणार नाही. थेंब टाकले तर उरलेलं थोडे दिवस टिकेल कदाचित.

मी त्याला विनवलं. फक्त एवढं लिही की कामापुरतं दिसतं. त्यानं कागद काढला. त्याच्याही कागदावर तोच शब्द छापलेला, व्हिजन, त्यापुढं उजवा-डावा. दोन्ही रकाने खरे भरले.

“ब्राह्मी, मला जे दिसलं तेच मी ल्हीणार. तुला जे दिसायला पाहिजे ते न्हाय.”

मी कागद पर्समध्ये ठेवला. थोरल्या माताजींना म्हणाले, डॉक्टर थेंब देणार आहेत. हे खोटं नव्हतं. पण त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

११ ऑगस्ट, सोमवार

थेंब ती आहाराच्या वेळीच घेते, दिवसातून एकदाच. दीपंकर म्हणतो एकदा पुरत नाही. तिला म्हटलं तर म्हणाली, पुरंल तेवढं पुरंल.

आज ओंजळीत केस होता. माझाच, पांढरा. घट्ट बांधूनही कसा पडला. बोटानं काढला. दीप्ती पलीकडं पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं पाहिलं. भांडी घासताना माझ्याकडं पाठ करून होती.

माझ्या हातून हे दुसऱ्यांदा. ह्याला धर्मात काय म्हणतात मला विचारायचं नाही. वर्गात पोरांना साधी कॉपी करू देत नाही मी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज पुन्हा मुंगी. तिसऱ्यांदा झालं हे. डबे बदलले, ओट्याखाली हळद टाकली, काय करायचं राहिलं?

ओंजळ आता रोजच माझ्याकडं कलते. दीप्तीला म्हटलं पाट उंच करू या, म्हणजे कोपर मांडीवर टेकेल. दीप्ती म्हणाली, “आमी वाढताना तर वंजळ सरळ असती की आक्का.” मग लक्षात आलं, मी डाव्या बाजूला उभी राहते, तो डोळा तर पूर्ण गेलेला. तोल जात असणार. उद्यापासून उजव्या बाजूला उभी राहीन.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

उजवीकडं उभी राहिले तर ओंजळ उजवीकडं कलली. काय म्हणावं. अशक्तपणाच.

ओंजळ स्वच्छ होती. सवयीनं बोट फिरवलं. तिचा तळहात किती खरखरीत झालाय, पिंछी आणि कमंडलू धरून धरून. अंगठ्याखाली अजून ती विळीची जुनी खूण आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कालपासून दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू. बस्तीत मुंगीला जागा नाही एवढी गर्दी. ज्याची भीती होती ते झालं. सकाळच्या प्रवचनानंतर आईनं सगळ्यांसमोर उठून थोरल्या माताजींना हात जोडले आणि सल्लेखना मागितली. म्हणाली, माझ्याच्यानं आता बघून, शोधून जेवणं होत नाही. बायका रडायला लागल्या, पुरुषांनी जयजयकार केला. तोच जयजयकार. ह्या वेळी मी ओकले नाही, जागेवर बसून राहिले. गोमटेशनं माझा हात धरला होता.

थोरल्या माताजी म्हणाल्या, विचार करून सांगू. घरच्यांना विचारू.

पर्समध्ये दीपंकरचा कागद आहे. जाळावा असं दिवसभर वाटतंय.

३ सप्टेंबर, बुधवार

मी खोटं बोलले. बस्तीत, मूर्तीसमोर.

थोरल्या माताजींनी मला एकटीला बोलावलं होतं. त्यांनी गोल गोल काही विचारलं नाही. म्हणाल्या, दीड महिना तुम्हीच आहार देताय. सुव्रतमतींना ओंजळीतलं दिसतं की नाही, तुम्ही सांगा, तुमचा शब्द मी धरीन. तुम्ही त्यांच्या पोटच्या आहात म्हणून नाही, वाढणाऱ्या आहात म्हणून.

मी म्हणाले, दिसतं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आई पलीकडच्या खोलीत होती, मधे फक्त चटईचा आडोसा. तिनं ऐकलं असेल. ऐकू दे. तिला जगवायला मला दुसरं काय येतं? भीक मागितली असती, पण कुणाकडं मागायची.

दुपारी कॉलेजात मीटिंग. प्राचार्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजचं व्हिजन आणलं होतं, उत्कृष्टतेचे केंद्र, सर्वांगीण विकास, वैश्विक नागरिक. कॉलेजचं नाव तेवढं बदललं. एकमतानं मंजूर. मी पण हात वर केला. आज माझा हात कशालाही वर जात होता.

५ सप्टेंबर, शुक्रवार

कालपासून आईनं आहार घेतलेला नाही. दोन दिवस झाले. दशलक्षणात बरेच जण उपवास धरतात, तसाच असेल. गावातल्या शाळेतल्या पोरीसुद्धा तीन-तीन दिवस करतात. पण तिचं वय बघायला नको का? मी विचारलं तर म्हणाली, प्रायश्चित्ताचा आहे. कशाचं प्रायश्चित्त? तिनं काय केलंय?

६ सप्टेंबर, शनिवार

तिसरा दिवस. अनंत चतुर्दशी. पाणीसुद्धा नाही. मी कलश घेऊन दारात उभी राहिले, वंदामि माताजी, अत्र तिष्ठ म्हणत राहिले. ती माझ्या समोरून गेली. दुसऱ्या घरी गेली असती तरी मला चाललं असतं. ती कुठंच थांबली नाही, बस्तीला वळसा घालून परत गेली.

दीप्तीनं माझ्या हातातला कलश काढून घेतला. नारळ वर ठेवलेला तसाच होता.

७ सप्टेंबर, रविवार

आज तिनं फक्त पाणी घेतलं. दीप्तीच्या हातून. मी खोलीत बसून होते.

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावाणी. आज आमच्यात सगळे एकमेकांची माफी मागतात. दारोदार जायचं, हात जोडायचे, उत्तम क्षमा म्हणायचं. वर्षभराची भांडणं असलेले भाऊबंदसुद्धा आज दारात येतात आणि उद्यापासून पुन्हा बांध कोरतात. मी ठरवून बस्तीत गेले, तिची माफी मागायला. खोटं बोलले म्हणून नाही. वीस वर्षं आले नाही म्हणून.

तिनं मला बोलूच दिलं नाही. बाकीच्या बायका बाहेर गेल्यावर तिनंच हात जोडले. आर्यिका, आणि माझ्यासारखीच्या समोर. मी म्हणाले, माताजी, असं करू नका. ती म्हणाली, बस.

जसं बोलली तसं लिहिते.

“वंजळीत काय निगालं ते मला दिसलं न्हाय. पर तुझं बोट लागायचं ते कळायचं. पयल्याच दिशी कळलं. तवाच हात सोडून उठायला पायजे हुतं. उठले न्हाय.”

मी काही तरी म्हणाले, माझी चूक, तुमची नाही. तिनं मान हलवली.

“वीस वर्सं कुणाचं बोट लागलं न्हवतं गं बाब्या. दुसऱ्या येळंपासनं मीच वंजळ तुज्याकडं कलती केली. रोज केली. वंजळीत कायबी नसलं तरी केली.”

मला वाटलं मनगटात जोर नाही. पाट उंच करायला निघाले होते मी.

“डोळं गेलं त्याचं मला दुक न्हाय. सगळं सोडलं म्हणून मांडवात सांगितलं आणि आता बोटाची वाट बगत जेवाय बसाय लागले. हे डोळ्याचं दुकणं न्हाय. म्हणून जायचं म्हणती. तू काय सांगायचं ते सांग थोरल्यास्नी, मी अडवत न्हाय.”

मग पुन्हा हात जोडले. उत्तम क्षमा म्हणाली, जशी गावाला म्हणते तशी.

मी तिच्या पायाशी डोकं टेकून रडले, हातभर अंतर ठेवून. ती तशीच बसून राहिली. आज तिनं हात पुढं केला नाही.

एक मी तिला सांगितलं नाही. ओंजळ स्वच्छ असायची त्या दिवशीही मी बोट फिरवायचे. शंका नको म्हणून, असं ह्याच वहीत लिहिलंय. कसली शंका. मला तिचा हात हवा होता. बेचाळीस वर्षांची बाई, आणि आत्ता लिहिताना हे कळतंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा खोटं बोलता येईल का, हे सकाळपर्यंत पाहत होते. येईल. थोरल्या माताजींनी माझा शब्द धरला आहे. मी गप्प राहिले तर ती जगेल, रोज पाटावर बसेल, ओंजळ पुढं करील. आणि घासागणिक स्वतःला दोष देत गिळत राहील. ते जेवण मी वाढणार.

कॉलेजला जायच्या आधी बस्तीत गेले. दीपंकरचा कागद थोरल्या माताजींसमोर ठेवला. म्हणाले, दिसत नाही. पहिल्या दिवसापासून दिसत नाही, मी काढत होते, दोनदा मुंगी, एकदा केस. बोटाचं सांगितलं नाही. ते आईचं आहे, सांगायचं तर ती सांगेल.

त्यांनी कागद वाचला नाही, बाजूला ठेवला. कन्नडमध्ये इतकंच म्हणाल्या की मला ठाऊक होतं. मी विचारलं, मग मला का विचारलंत? त्या म्हणाल्या, सुव्रतमतींना सल्लेखनेला न्यायचं तर घरच्यांनी खरं बोलून सोडायला हवं, खोट्यावरून नेता येत नाही. मग मला बसायला सांगून त्या आईच्या खोलीत गेल्या. मी बसले नाही.

स्कूटर सुरू होईना. गोमटेशनं सोडलं कॉलेजला. वाटेत त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं केलंस आक्का, आणि गाडी कडेला घेऊन थांबला, कारण त्याला पुढचं दिसत नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मी आज माझ्या तोंडानं आईला सोडलं. बरं केलं असं मला वाटत नाही. दुसरं काही करता आलं नसतं, एवढंच.

१४ सप्टेंबर, रविवार

परवानगी मिळाली. लगेच काही नाही, टप्प्यानं. आधी धान्य सोडलंय. ताक आणि पाणी चालू आहे, मग ताक जाईल. दीपंकर येऊन नाडी बघून जातो, बस्तीच्या पायरीवर बसून राहतो. थोरल्या माताजी म्हणतात दिवाळीपर्यंत, कदाचित पुढंही.

मी आठवडाभर आहाराला गेले नव्हते. आज सकाळी दीप्तीनं काही न विचारता कोरी साडी माझ्या खाटेवर ठेवली. नेसले. आई आली, आमच्याच दारात थांबली. पाटावर बसली. मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले.

ओंजळ सरळ होती, जराही कलली नाही. मी उजव्या हातानं ताक ओतलं आणि डावा हात पदरात गुंडाळून ठेवला.